पगारपत्रकातल्या चुका आणि कपाळावरचं यंत्र : सोलापुरातलं एक प्रकरण

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे दिवाणजी, वय 58, मे महिन्याच्या शेवटी थोरल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आले. मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. शहरातल्या एका मानसोपचारतज्ज्ञांच्या क्लिनिकमध्ये स्मरण आणि लक्ष यांच्या चाचण्यांचं काम माझ्याकडे असतं. दिवाणजींच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. कवटीला हात न लावता, बाहेरून सौम्य वीज देऊन माणसाची स्मृती सुधारता येते का, हा प्रश्न आता आपल्याकडच्या घरांतही विचारला जातो. एका माणसापुरतं त्याचं उत्तर नीट शोधण्याची संधी या प्रकरणात मिळाली, म्हणून ते सविस्तर मांडते.

तक्रार काय होती

कारखान्यात पगार आठवड्याला आणि नगावर. कामगाराने किती डझन माल काढला, कोणत्या मापाचा, त्याचा दर काय, खाडे किती, रात्रपाळीचे जास्तीचे किती आणि आधी घेतलेल्या उचलीतले या आठवड्यात किती कापायचे, एवढं सगळं दिवाणजी माणूस समोर उभा असतानाच तोंडी करायचे. मग ते वहीत उतरायचं आणि वहीतून मालकांचा मुलगा टॅलीत भरायचा. तीसेक वर्षं या कामात त्यांना कुणी चूक दाखवली नव्हती. गेल्या दीडेक वर्षात मात्र मेळ बसेना. एकाची उचल कापायची राहिली, दुसऱ्याची दोनदा कापली गेली, कुणाच्या सात डझनांचे आठ झाले. मालक काही बोलले नाहीत. पण ज्या बाईचे पैसे कमी गेले ती मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, हातावर पोट असलेली, आणि दिवाणजींना ते फार लागलं होतं.

पहिल्या भेटीत ते म्हणाले, “मॅडम, आधी मी चार माणसांशी बोलत गुणाकार करायचो. आता हातचा राहतच नाही.”

त्यांची तक्रार याहून नेमकी कुणालाच सांगता आली नसती. बेरीज करताना हातचा एक मनात धरून पुढच्या घराकडे जाणं, म्हणजेच मानसशास्त्रात जिला कार्यस्मृती म्हणतात ती. माहिती काही सेकंद मनात धरायची, आणि धरलेली असतानाच तिच्यावर काम करायचं. अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी 1974 मध्ये तिचं जे प्रारूप मांडलं, ते सुधारणांसह आजही वापरात आहे. ही जागा फार लहान असते. नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या मांडणीनुसार एका वेळी साधारण चार गोष्टी. त्यात मध्येच कुणी “दिवाणजी, जरा माझंही बघा” म्हणालं की आधीचं निसटतं. कार्यस्मृती आणि लक्ष यांची फारकत करता येत नाही ती यामुळेच.

थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने इंटरनेटवर वाचून परदेशी बनावटीचा एक हेडसेट मागवला होता. कपाळाला दोन ओले स्पंज टेकतात, मोबाइलवरून वीस मिनिटांचं सत्र सुरू होतं आणि त्याच अॅपवर आकडे लक्षात ठेवायचा खेळ खेळायचा. महिनाभर हे रोज चाललं होतं. खेळातला स्कोअर जवळपास दुप्पट झाला. “नान्नांना नक्की फरक पडलाय,” मुलगा वडिलांबद्दल म्हणाला. वडील गप्प होते, कारण त्याच महिन्यात पगारपत्रकात आणखी चुका झाल्या होत्या. आणि कपाळाच्या उजव्या बाजूला रुपयाएवढा लालसर, खरबरीत डाग उठला होता. दिवाणजींच्या पत्नीने, काकूंनी, तो पाहिला आणि यंत्र कपाटात ठेवून दिलं.

यंत्र काय करतं

या पद्धतीला टीडीसीएस (ट्रान्सक्रेनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन) म्हणतात. दोन इलेक्ट्रोड, त्यांच्यामधून 1 ते 2 मिलिअॅम्पिअर इतका सरळ, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. एवढ्या प्रवाहाने मेंदूच्या पेशी पेटून उठत नाहीत. त्यांच्या पटलावरचा विद्युतदाब किंचित वरखाली होतो, म्हणजे ज्या पेशी आधीच काम करत असतात त्यांना संदेश पाठवणं जरा सोपं किंवा जरा अवघड होतं. जर्मनीतल्या गटिंगनमध्ये मायकेल नित्शे आणि वाल्टर पाउलस यांनी 2000 मध्ये दाखवलं की, हालचालींच्या केंद्रावर काही मिनिटं असा प्रवाह दिला तर त्या भागाची उत्तेजनक्षमता 40 टक्क्यांपर्यंत बदलते आणि प्रवाह थांबल्यावरही हा बदल काही मिनिटं टिकतो. आजचं टीडीसीएसचं बहुतेक काम तिथून पुढे वाढलेलं आहे.

टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन) हा दुसरा प्रकार याहून बराच जोरकस आहे. डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर मोठा प्रवाह सोडतात, चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि त्यामुळे मेंदूत वीज उत्पन्न होते. तिने पेशी खरोखरच संदेश सोडतात. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे 1985 मध्ये दाखवलं, आणि 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यासाठी त्या यंत्राला मान्यता दिली. मुलाने त्याबद्दलही विचारलं होतं. दिवाणजींना नैराश्य नव्हतं, त्यामुळे ती चर्चा तिथेच थांबली.

कार्यस्मृतीसाठी टीडीसीएसचा रोख बहुतेक वेळा मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवर असतो. या वाटेवरचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग फेलिपे फ्रेग्नी आणि सहकाऱ्यांचा, 2005 चा. 15 निरोगी माणसं, 1 मिलिअॅम्पिअर, दहा मिनिटं. पडद्यावर अक्षरं येत राहतात आणि तीन अक्षरांपूर्वीचं अक्षर पुन्हा आलं की बटण दाबायचं, अशी चाचणी. खऱ्या प्रवाहात अचूकता वाढली, प्रवाह न देता केलेल्या नुसत्या देखाव्याच्या सत्रात वाढली नाही. हेडसेट विकणाऱ्यांच्या जाहिरातींमागे अशाच प्रयोगांची पुण्याई असते.

त्यानंतरचं चित्र इतकं सरळ राहिलं नाही, आणि मुलाला मी तेच समजावलं. ब्रुनोनी आणि व्हँडरहॅसेल्ट यांनी 2014 मध्ये अनेक प्रयोग एकत्र तपासले. टीडीसीएसने उत्तर देण्याचा वेग थोडा वाढतो, पण अचूकता वाढल्याचं दिसत नाही, असं त्यांना आढळलं. 2015 मध्ये होर्व्हाथ आणि सहकाऱ्यांनी तर निरोगी प्रौढांवर एका सत्राचा बौद्धिक कामांवर भरवशाचा परिणामच सापडत नाही, असं म्हटलं. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली, वाद अजूनही चालू आहे. पण एक गोष्ट वादातली नाही. डोक्याला लावलेला प्रवाह पुष्कळसा आत पोचतच नाही. मृतदेहांवर मोजमाप करून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे 75 टक्के प्रवाह त्वचा, मांस आणि कवटीतच विरून जातो असं दिसलं. उरलेला किती आणि कुठे जाईल हे कवटीची जाडी, मेंदूच्या घड्या आणि इलेक्ट्रोडची जागा यावर ठरतं. म्हणून एकच यंत्र दोन भावांवरही सारखं चालेल असं नाही.

आणखी दोन निष्कर्ष मी मुलासमोर मुद्दाम ठेवले. ऑक्सफर्डमध्ये यूकुलानो आणि कोहेन कादोश यांनी 2013 मध्ये दाखवलं की मेंदूच्या एका भागाला उत्तेजन देऊन नवी अंकचिन्हं शिकणं सोपं झालं, पण ते ज्ञान सहजपणे वापरणं बिघडलं. दुसऱ्या भागावर याच्या उलट झालं. म्हणजे एका बाजूला मिळतं ते दुसऱ्या बाजूने जाऊही शकतं. आणि लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी बाजारात मिळणारा एक हेडसेट तपासला, तेव्हा कार्यस्मृतीची अचूकता वाढण्याऐवजी घटली. हा अभ्यास 2016 चा. तीस वर्षं डोक्यात हिशेब पक्का बसलेल्या माणसाबाबत या दोन गोष्टी मला हलक्याने घेता येत नाहीत.

तरी हे सगळं क्षेत्र पोकळ आहे असं मी मानत नाही. ब्राझीलमध्ये एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवता न येण्याचा विकार, असलेल्या 64 प्रौढांना घरीच, रोज अर्धा तास, 2 मिलिअॅम्पिअरचं टीडीसीएस चार आठवडे दिलं. देखाव्याच्या गटाच्या तुलनेत त्यांची लक्ष न लागण्याची लक्षणं कमी झाली, आणि हे 2022 मध्ये चांगल्या नियतकालिकात आलं. बोस्टन विद्यापीठात रॉबर्ट राइनहार्ट यांनी 2019 मध्ये 60 ते 76 वयाच्या माणसांना, ज्याच्या त्याच्या मेंदूच्या लयीला जुळवून, उलटसुलट वाहणारा प्रवाह 25 मिनिटं दिला आणि त्यांची कार्यस्मृती तरुणांच्या जवळ पोचली. पण त्या प्रयोगात आधी प्रत्येकाच्या मेंदूची लय मोजलेली होती. कपाळाला टेकणारा तयार हेडसेट ते करत नाही.

डाग कुठून आला

मुलाने यंत्र सोबत आणलं होतं. स्पंज कडक झाले होते आणि त्यांच्या कडांना पांढरा थर होता. पुस्तिकेत सलाइन वापरा असं लिहिलेलं होतं, घरी बोअरचं पाणी वापरलं जात होतं. सोलापूरच्या मे महिन्यात वीस मिनिटांत स्पंज वाळतोच. तो वाळला की कातडीला टेकणारा भाग लहान होतो, आणि तेवढाच प्रवाह थोड्या जागेतून घुसतो. साध्या नळाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजांनी कातडी भाजल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत. क्लिनिकच्या डॉक्टरांनी डाग पाहून मलम दिलं. तो पूर्ण बरा होईपर्यंत कपाळाला काहीही लावायचं नाही, असंही सांगितलं.

जागाही चुकीची होती. डावा प्रीफ्रंटल भाग शोधताना नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने मोजावं लागतं. दिवाणजींच्या डोक्यावर मी ती जागा मोजून पेनाने खूण केली. ती केसांच्या रेषेच्या बरीच आत, वर आणि बाहेरच्या अंगाला आली. हेडसेटचा स्पंज भुवईच्या जरा वर टेकत होता. मुलगा वाकून ती खूण आणि स्पंजाचा डाग यांतलं अंतर बघत राहिला.

चाचण्या

मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासणी केली होती. थायरॉइड, बी-12, साखर ठीक होती आणि स्मृतिभ्रंशाची चिन्हं नव्हती. रोजचे व्यवहार, रस्ते, माणसं, तारखा सगळं जागेवर.

मग आकड्यांची चाचणी. मी सेकंदाला एक असे आकडे म्हणते, त्यांनी ते त्याच क्रमाने आणि नंतर उलट क्रमाने सांगायचे. इथे एक पेच होता. दिवाणजी शहराच्या पूर्वभागातल्या पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजाच्या, घरातले. घरात तेलुगू, शाळा मराठी, कारखान्यात मराठी आणि हिंदी. मराठीतले एक ते नऊ बहुतेक एका-दोन अक्षरांचे, तेलुगूत आठ म्हणजे एनिमिदि आणि नऊ म्हणजे तोम्मिदि. उच्चाराला जास्त वेळ लागणारे आकडे कमी लक्षात राहतात, हे 1980 मध्ये वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्या लोकांच्या अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणून आधी विचारलं, “मनात हिशेब कोणत्या भाषेत करता?” ते म्हणाले, “पैशाचा मराठीत. देवाचा तेलुगूत.” मी मराठीत चाचणी घेतली.

सरळ क्रमात पाच, उलट क्रमात तीन. वय आणि व्यवसाय पाहता हे कमी होतं. पण मला संख्येपेक्षा चुकांचा प्रकार खटकला. कार्यस्मृती थकते तेव्हा माणूस मधला आकडा गाळतो किंवा दोन आकड्यांची अदलाबदल करतो. दिवाणजी क्रम चुकत नव्हते. ते एका आकड्याच्या जागी भलताच आकडा सांगत होते, आणि तो भलता आकडा जवळजवळ नेहमी आवाजाने जवळचा असायचा. सातच्या जागी आठ, हे तर वारंवार. पगारपत्रकातही सात डझनांचे आठ झाले होते.

मी तेच काम कागदावर दिलं. आकडे बोलायचे नाहीत, एकेक चिठ्ठी दाखवायची आणि पालथी घालायची. सरळ क्रमात सात आले, उलट क्रमात चार. ठोकळ्यांची चाचणीही घेतली. त्यात मी बोट ठेवते त्या क्रमाने त्यांनी ठोकळ्यांवर बोट ठेवायचं असतं. तीही वयाला साजेशी निघाली. डोळ्यांनी आत गेलेलं टिकत होतं, कानांनी गेलेलं नाही.

ऐन तारुण्यात त्यांनी स्वतः आठ-दहा वर्षं यंत्रमाग चालवला होता. नंतर टेबल मिळालं, तेही शेडच्या दाराशी. मागांच्या शेडमध्ये आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि आपल्याकडचे कारखान्यांचे नियम आठ तासांसाठी 90 ची मर्यादा घालतात. अशा आवाजाने ऐकू येणं बंद होत नाही. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, 4000 हर्ट्झच्या आसपास. बोलण्यातले स, श, त, थ, फ त्याच पट्टीत असतात. माणूस बोललेलं कळतं, चेहरा दिसतो, संदर्भाने उरलेलं भरून काढता येतं, म्हणून आपल्याला कमी ऐकू येतं असं कुणालाच वाटत नाही. आकड्यांना मात्र संदर्भ नसतो. “सात” मधला स पुसट झाला की त्याचा आठ व्हायला वेळ लागत नाही.

याचा स्मृतीशी संबंध केवळ चुकीचं ऐकण्यापुरता नाही. पॅट्रिक रॅबिट यांनी 1968 मध्ये लोकांना गोंगाटातून आकडे ऐकवले. लोक प्रत्येक आकडा बरोबर म्हणून दाखवू शकत होते, तरी नंतर तेच आकडे त्यांना कमी आठवले. ऐकू येण्यासाठी जो जोर लागतो तो लक्षात ठेवण्याच्या खात्यातूनच वजा होतो. दिवाणजींना हातचा का राहत नव्हता, याचं मला पटणारं स्पष्टीकरण हेच होतं. मी सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्रीसाठी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीसाठी, चिठ्ठी दिली.

तरी यंत्राची परीक्षा घ्यायची ठरली

आलेख अपेक्षेप्रमाणेच आला. दोन्ही कानांत 4000 हर्ट्झपाशी खोल खड्डा. श्रवणयंत्रं मिळायला काही आठवडे लागणार होते. मुलाच्या मनातून मात्र टीडीसीएस जात नव्हतं. “मॅडम, कान वेगळे आणि मेंदू वेगळा. योग्य जागी, योग्य यंत्राने दिलं तर?” त्याचा प्रश्न रास्त होता, आणि वडिलांच्या काळजीने तो विचारत होता. डॉक्टरांशी बोलून आम्ही ठरवलं की श्रवणयंत्रं येण्याआधीच याची परीक्षा करायची. दोन्ही एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं हे कधीच कळलं नसतं.

क्लिनिकचं यंत्र वैद्यकीय दर्जाचं आहे आणि त्यात देखाव्याच्या सत्राची सोय आहे. अर्ध्या मिनिटात प्रवाह चढतो, कातडीला मुंग्या येतात, मग तो गुपचूप उतरतो आणि बाकीची सगळी मिनिटं काहीच वाहत नाही. कोणत्या आठवड्यात खरं आणि कोणत्या आठवड्यात देखावा, हे फक्त तंत्रज्ञाला ठाऊक होतं. दिवाणजींना, मुलाला आणि मला नाही. पाच-पाच दिवसांचे दोन टप्पे ठरले, मध्ये तीन आठवड्यांची विश्रांती. खऱ्या टप्प्यात 2 मिलिअॅम्पिअर, वीस मिनिटं, 35 चौरस सेंटिमीटरचे स्पंज, डावीकडच्या खुणेवर एक आणि उजव्या भुवईच्या वर दुसरा. डोक्यात धातू नाही, फिट येण्याचा इतिहास नाही, कातडी पूर्ण बरी झाली आहे, हे आधी पाहून घेतलं.

दिवाणजी मार्कंडेय मंदिरात जाऊन मग आमच्याकडे यायचे. पहिल्या दिवशी कपाळावर गंध आणि डोक्याला चापून खोबरेल होतं. तेलामुळे विद्युतरोध वाढतो, यंत्र सुरूच होईना. त्यांनी बेसिनपाशी जाऊन स्वतः डोकं धुतलं, गंध पुसलं, आणि दुसऱ्या दिवसापासून दर्शन संध्याकाळवर नेलं.

मोजमापं दोन होती. एक, पडद्यावरची अक्षरांची चाचणी. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटत होतं, ते म्हणजे त्या आठवड्याच्या पगारपत्रकात टॅलीशी न जुळलेल्या नोंदी. त्या मालकांच्या मुलाने मोजून, दिवाणजींना न दाखवता, बंद पाकिटात पाठवायच्या.

पहिल्या टप्प्यात अक्षरांच्या चाचणीतली अचूकता झपाट्याने वाढली. मुलाचा पुण्याहून फोन आला, आवाजात आनंद होता. दुसऱ्या टप्प्यात आणखी थोडी वाढली, आणि उत्तर द्यायचा वेगही जरा सुधारला. दोन्ही टप्प्यांनंतर मी विचारलं, हे खरं होतं की देखावा? दिवाणजी दोन्ही वेळा म्हणाले, “खरंच असणार, मुंग्या येत होत्या.”

तंत्रज्ञाने चिठ्ठी उघडली. पहिला टप्पा देखाव्याचा होता.

म्हणजे सगळ्यात मोठी वाढ वीज नसतानाच झाली होती. चाचणीची सवय, रोज वीस मिनिटं एका जागी शांत बसून एकच काम करणं, मुलाची आस्था, स्वतःची आशा, हे सगळं त्या वाढीत आहे. घरच्या हेडसेटवर दुप्पट झालेला स्कोअरही बहुधा असाच. खऱ्या टप्प्यातल्या वेगाच्या सुधारणेला मी परिणाम म्हणायला तयार नाही, कारण दिवाणजींचा वेग एरवीही दिवसागणिक तेवढा वरखाली होत होता. मालकांच्या मुलाची पाकिटं उघडली. पगारपत्रकातल्या चुका देखाव्याच्या आठवड्यात, खऱ्या आठवड्यात आणि मधल्या आठवड्यांत सारख्याच होत्या.

एका माणसावरच्या अशा परीक्षेने टीडीसीएस खरं की खोटं याचा निकाल लागत नाही. पाच सत्रं थोडी असतील, प्रवाह पोचला नसेल, दुसरी जागा हवी असेल. पण या माणसाने, या तक्रारीसाठी, यावर आणखी पैसे आणि कपाळ घालावं का, याचं उत्तर मिळालं होतं. मुलाला तो तक्ता मी संपूर्ण दाखवला. त्याने बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “मग इथे एवढं खाली का गेलंय?”

ते त्याने पकडलं, मी नव्हे. दोन्ही टप्प्यांत एकेक दिवस असा होता की अचूकता आणि वेग दोन्ही एकदम घसरले होते. दिवाणजींनी तारखा पाहिल्या, काकूंना फोन लावला आणि म्हणाले, “पाण्याची रात्र होती.” सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि त्यांच्या गल्लीत ते मध्यरात्रीनंतर यायचं. टाकी, पिंप, घागरी भरून होईस्तोवर पहाट. मग तशीच ड्यूटी. झोप तुटली की लक्ष सर्वांत आधी घसरतं, याबद्दल संशोधनात फारसं दुमत नाही. टीडीसीएसने जेवढा फरक पडला नाही, त्याच्या कितीतरी पट फरक एका पाण्याच्या रात्रीने पडत होता.

पुढे काय केलं

श्रवणयंत्रं दोन्ही कानांना लागली. पहिले काही दिवस ती त्यांना नकोशी झाली, कारण मागांचा खडखडाटही मोठा ऐकू यायचा. तंत्रज्ञांकडे पुन्हा पाठवून त्यांचं समायोजन करून घेतलं. मालकांनी टेबल शेडच्या दारातून हलवून गोदामाशेजारच्या खोलीत दिलं. पगाराच्या दिवशी आता एका वेळी एकच कामगार आत येतो. उचल कुणी तोंडी सांगायची नाही, चिठ्ठीवर आकडा लिहून सही करायची. पाण्याच्या रात्री धाकटा मुलगा उठतो.

चिठ्ठीच्या पद्धतीला दिवाणजींचा आधी विरोध होता. तोंडी हिशेब ही त्यांची ओळख होती, आणि चिठ्ठी म्हणजे हार असं त्यांना वाटत होतं. त्यांना मी कागदावरच्या आणि बोललेल्या आकड्यांच्या चाचणीचे दोन्ही निकाल शेजारी ठेवून दाखवले. सात आणि पाच. “म्हणजे डोकं शाबूत आहे,” ते म्हणाले. हो, म्हटलं, डोक्यापर्यंत पोचवायचं काम आपल्याला करायचंय. मग त्यांनी स्वतःच चिठ्ठ्यांचे रकाने आखले.

सहा महिन्यांनी फेरचाचणी घेतली. यंत्रं लावून बोललेले आकडे सरळ क्रमात सात आले, म्हणजे कागदाच्या बरोबरीला. उलट क्रमातले चारच राहिले आणि तिथे वयाचा वाटा असावा. पगारपत्रकात दोन-तीन आठवड्यांत एखादी नोंद चुकते. यातलं श्रेय श्रवणयंत्रांचं किती, शांत खोलीचं किती आणि झोपेचं किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. हे बदल आम्ही एकेक करून तोलले नाहीत, कारण तोवर त्या कांड्यावाल्या बाईंचे पैसे आणखी एकदा कमी गेले असते.

हेडसेट मुलाने परत नेला. त्याला एक गोष्ट लिहून दिली आहे. पुढे कधी वडिलांना नैराश्य आलं किंवा पक्षाघातासारखं काही झालं तर मेंदूच्या उत्तेजनाचा विचार नव्याने करता येईल, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. टीएमएस असेल तर कानात बोळे घालूनच, कारण ते यंत्र प्रत्येक ठोक्याला जोरात कडकडतं आणि या कानांना आणखी आवाज परवडणारा नाही. मेंदूच्या आरोग्यासाठी कान जपण्याचं दुसरंही कारण आहे. लॅन्सेट आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे 14 टाळता येण्याजोगे धोके नोंदवले, त्यांत ऐकू कमी येणं हा एक आहे.

पुढची ऑडिओमेट्री वर्षाने आहे. शेडमधला आवाज आहे तसाच आहे. दिवाणजींनी मालकांकडून कानात घालायचे बोळे मागवून घेतले आहेत, आणि पगाराच्या चिठ्ठीसोबत ते वाटताना कामगाराला आधी पाठमोरं उभं करून, मागून हळू आवाजात आकडे म्हणून बघतात. ज्याचा सात चुकतो त्याला सिव्हिलला पाठवतात. आतापर्यंत मागांची देखभाल करणारे दोन जॉबर तपासून आले, दोघेही चाळिशीच्या आतले, आणि दोघांच्याही आलेखात तोच खड्डा आहे.